माणसावर लावलेला पैसा



बारावीचे निकाल लागले की आपल्या घरांतून दरवर्षी एकच चर्चा ऐकू येते. मुलाने वा मुलीने चांगले गुण मिळविलेले असतात आणि त्याला किंवा तिला भौतिकशास्त्र अथवा गणित शिकावयाचे असते. वडीलधाऱ्यांच्या मनात दुकान असते, धान्याचा व्यापार असतो, नाहीतर निदान सी.ए.ची परीक्षा असते. ‘नुसते विज्ञान शिकून पुढे पोटापाण्याचे काय?’ हा प्रश्न कोणी रागाने विचारीत नाही. तो काळजीपोटी येतो. पिढ्यान्‌पिढ्या पदरचे भांडवल घालून व्यापार करणाऱ्या समाजाला गुंतवणुकीचा परतावा विचारण्याचा अधिकारही आहे.

हाच प्रश्न सुमारे शंभर वर्षांपूर्वी मुंबईतील एका सुखवस्तू पारशी घरात निघाला होता. त्याचे जे उत्तर त्या घराने दिले, त्यातून भारताचा अणुविज्ञानाचा संसार उभा राहिला. म्हणून या वेळी डॉ. होमी जहांगीर भाभा यांच्या चरित्राकडे, विशेषतः त्यातील देण्याघेण्याच्या बाजूकडे, पाहावे असे वाटते. शास्त्रज्ञाची थोरवी सांगणारे लेख आपण पुष्कळ वाचतो; त्या शास्त्रज्ञावर पैसा कोणी लावला, कशाच्या भरवशावर लावला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. वडील जहांगीर भाभा बॅरिस्टर होते. आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. त्यामुळे टाटांच्या घरी मुलाचे जाणेयेणे लहानपणापासून होते. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिकून १९२७ साली तो केंब्रिजला गेला. विषय ठरलेला होता : यंत्र अभियांत्रिकी. परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावयाचे, असा वडिलांचा आणि दोराबजींचा विचार होता. घरचाच कारखाना, घरचीच नोकरी. आपल्या भाषेत सांगायचे तर गादी तयार होती, फक्त बसायचे बाकी होते.

वर्षभरातच, १९२८ साली, अठरा वर्षांच्या होमीने वडिलांना पत्र लिहिले. धंदा किंवा अभियंत्याची नोकरी आपल्या प्रकृतीला मानवणारी नाही, आपली ओढ भौतिकशास्त्राकडे आहे आणि त्यातच आपण काही करून दाखवू, असा त्या पत्राचा आशय होता.

बॅरिस्टर भाभांनी दिलेले उत्तर कोणत्याही व्यापाऱ्याने मनात साठवून ठेवावे असे आहे. त्यांनी नकार दिला नाही आणि आंधळा होकारही दिला नाही. एक अट घातली. हाती घेतलेली अभियांत्रिकीची परीक्षा आधी पहिल्या वर्गात उत्तीर्ण कर. मग गणिताच्या अभ्यासासाठी आणखी दोन वर्षांचा केंब्रिजचा खर्च मी देतो. १९३० साली मुलगा यंत्र अभियांत्रिकीत पहिल्या वर्गात आला. वडिलांनी शब्द पाळला. १९३२ साली गणितातही तो पहिल्या वर्गात आला. पुढे प्रवासासाठी शिष्यवृत्ती मिळाली आणि झुरिचला पाउली, रोमला फर्मी अशा त्या काळच्या पहिल्या प्रतीच्या शास्त्रज्ञांच्या सहवासात त्याला राहता आले. १९३५ साली डॉक्टरेट मिळाली.

बँकेत कर्जाचा अर्ज तपासताना आम्हाला तीन गोष्टी पाहावयास शिकवीत : माणसाचे चारित्र्य, त्याची कुवत आणि त्याचे भांडवल. नवख्या अधिकाऱ्याची नजर आधी भांडवलावर आणि तारणावर जाते, कारण ते मोजता येते. पण कर्ज फेडतो तो माणूस, तारण नव्हे. बॅरिस्टर भाभांनी आधी मुलाची कुवत एका अवघड परीक्षेने तपासली आणि मग हात सैल सोडला. मुलाच्या आवडीला मान आणि पैशाला शिस्त, दोन्ही त्या एका अटीत सामावले होते.

आता या तरुणाने केले काय, हे थोडे समजून घेऊ. त्याआधी एक खुलासा आवश्यक आहे. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात पुद्गलाचे अणू आणि स्कंध हे भेद आपण वाचलेले असतात. तेथील परमाणू म्हणजे ज्याचे आणखी विभाजन होत नाही असा अंतिम अंश. आधुनिक विज्ञान ज्याला अणू म्हणते त्याचे विभाजन होते. किंबहुना त्या विभाजनातूनच अणुशक्ती निर्माण होते. दोन्हीकडे शब्द सारखा असला तरी अर्थ निराळा आहे. त्यांची सरमिसळ केल्याने शास्त्राचा मान वाढत नाही आणि विज्ञानही कळत नाही.

अणूच्या केंद्राभोवती इलेक्ट्रॉन नावाचे ऋण भाराचे कण असतात. १९३२ साली इलेक्ट्रॉनसारखाच, पण धन भाराचा कण सापडला. त्याला पॉझिट्रॉन म्हणतात. हे दोन कण एकमेकांवर आदळले तर कोणत्या दिशेने किती प्रमाणात विखुरतील, याचे गणित भाभांनी मांडले. ते आज ‘भाभा विकिरण’ या नावाने जगभर शिकविले जाते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर घडविणाऱ्या प्रचंड यंत्रांमध्ये एकंदर किती टकरी झाल्या याचा हिशेब याच गणिताच्या आधारे केला जातो. म्हणजे त्या प्रयोगशाळांतील वजनमाप तपासण्याचे प्रमाण-वजन भाभांनी दिलेले आहे.

दुसरे काम विश्वकिरणांचे. अवकाशातून पृथ्वीवर सतत अतिवेगवान कणांचा वर्षाव होत असतो. एखादा ऊर्जावान इलेक्ट्रॉन वातावरणात शिरला की त्यातून प्रकाशकण निघतो, त्या प्रकाशकणातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते, त्या जोडीतून पुन्हा प्रकाशकण. अशा रीतीने एका कणाचे दोन, दोनांचे चार होत खाली कणांची सर कोसळते. १९३७ साली भाभा आणि हाइटलर यांनी या सरींचा सिद्धांत मांडला. व्यापाऱ्याला तो सहज कळावा : आजोबांची इस्टेट मुलांत, मुलांची नातवांत वाटली जाते, वाटेकरी वाढत जातात, एकूण मालमत्ता मात्र तेवढीच राहते आणि वाटे फार लहान झाले की वाटणी थांबते. कणांच्या बाबतीत मालमत्तेच्या जागी ऊर्जा समजावी.

१९३९ साली भाभा सुट्टीवर भारतात आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन होते. तेथे विश्वकिरण संशोधनाचा लहानसा विभाग भाभांनी सुरू केला. १९४१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. १९४२ साली केंब्रिजचे ॲडम्स पारितोषिक मिळाले. युद्ध संपताच इंग्लंडला परत जाण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. त्यांनी येथेच राहावयाचे ठरविले आणि १२ मार्च १९४४ रोजी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना एक पत्र पाठविले.

अनेक वर्षे प्रकल्पांचे प्रस्ताव तपासण्यात गेल्यामुळे हे पत्र मी त्या नजरेने पाहतो. भाभांनी त्यात मांडलेले मुद्दे थोडक्यात असे. मूलभूत भौतिकशास्त्राचे पहिल्या दर्जाचे संशोधन करणारी संस्था भारतात नाही. होतकरू माणसे आहेत, पण ती विखुरलेली आहेत. उद्योगांतील संशोधनालाही शेवटी याच मूलभूत ज्ञानाचा आधार लागतो. आणि काही दशकांत अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे हात पसरावे लागू नयेत. ते घरीच तयार असावेत. हिरोशिमावर बॉम्ब पडण्यास तेव्हा सतरा महिने अवकाश होता. अणुशक्ती हा शब्दही सामान्य माणसाच्या कानावर आला नव्हता.

या प्रस्तावाला तारण काहीच नव्हते. इमारत नव्हती, यंत्रे नव्हती, परताव्याची तारीख नव्हती. नात्याचा प्रश्नही होता. ट्रस्ट भाभांच्या आत्याच्या यजमानांचा. तेथे नात्यावर भागले असते तर ती गोष्ट सांगण्यासारखी उरली नसती. पण अर्जदाराची पत त्याच्या कामाने जगभर सिद्ध झालेली होती, आणि ट्रस्टच्या बाजूने जे. आर. डी. टाटांसारखा माणूस पाहणारा माणूस होता. ट्रस्टने प्रस्ताव स्वीकारला. १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूरला सुरू झाली.

पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकाकडे पाहावे. एकूण रक्कम ८०,००० रुपये. त्यांपैकी ४५,००० ट्रस्टचे, २५,००० मुंबई सरकारचे आणि १०,००० केंद्र सरकारचे. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती, पण एखादी मध्यम पेढी सहज पेलू शकेल एवढीच होती. जागेचेही असेच. डिसेंबर १९४५ मध्ये संस्था मुंबईला आली ती पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ या बंगल्यात. घर भाभांच्या मावशीचे, आणि त्यातील निम्मा भाग संस्थेने भाड्याने घेतला होता. पुढे काही वर्षे गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत काम चालले. कुलाब्याच्या समुद्रकाठची स्वतःची वास्तू पंडित नेहरूंच्या हस्ते खुली झाली ती १५ जानेवारी १९६२ रोजी. आरंभापासून सोळा-सतरा वर्षे संस्थेला स्वतःचे घर नव्हते, तरीही त्या काळातच तिचे नाव जगात झाले.

याचे कारण भाभांच्या कार्यपद्धतीत आहे. आधी इमारत बांधावी, पदांचा तक्ता करावा आणि मग जाहिरात देऊन माणसे भरावीत, ही सर्वत्र रूढ रीत. भाभांची रीत उलटी होती. योग्य माणूस शोधावा, त्याला मोकळीक द्यावी आणि त्याच्याभोवती विभाग वाढू द्यावा. माणूस मिळाला नाही तर तो विभाग सुरूच करू नये. गणितासाठी दामोदर धर्मानंद कोसंबी आणि के. चंद्रशेखरन आले. प्रायोगिक भौतिकशास्त्रासाठी राजा रामण्णा आले, नंतर एम. जी. के. मेनन आले. ओबेद सिद्दिकींच्या भोवती रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा राहिला.

या रीतीचे फळ आपल्या महाराष्ट्रातच पाहता येते. १९६२ साली परदेशात काम करणाऱ्या काही तरुण भारतीय रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांना भाभांनी कळविले की तुम्ही या, आम्ही येथे तुमचा गट उभा करतो. त्यांपैकी गोविंद स्वरूप पुढच्या वर्षी परतले. त्यांनी आधी उटीला मोठी रेडिओ दुर्बीण उभारली, आणि पुढे पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण उभी केली. आज जगभरातील खगोलशास्त्रज्ञ तेथे निरीक्षणासाठी वेळ मागतात. एका माणसाला वेळेवर दिलेल्या होकाराचे मोल असे पुढच्या पिढीत वसूल झाले.

संस्थेत तयार झालेली माणसेच अणुऊर्जेच्या कामाला मिळाली. ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. भाभा अध्यक्ष, शांतिस्वरूप भटनागर आणि के. एस. कृष्णन सदस्य. १९५४ साली स्वतंत्र खाते झाले आणि तुर्भ्याला अणुऊर्जा केंद्राची उभारणी सुरू झाली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथील ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. सोव्हिएत संघ सोडला तर आशिया खंडातील ती पहिली. इंधन ब्रिटनचे होते. रचना आणि बांधणी आपल्या अभियंत्यांची. पुढच्याच वर्षी भाभांनी प्रशिक्षण शाळा काढली, कारण भट्टी बाहेरून विकत आणता येईल, पण ती चालविणारी माणसे घरीच घडवावी लागतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

अणुविजेचा त्यांचा आग्रह का होता, हे मौद्याच्या वाचकांना वेगळे समजावून द्यावयास नको. आपल्या गावाजवळचा औष्णिक विद्युत प्रकल्प २,३२० मेगावॅटचा आहे. त्याच्या चिमण्या महामार्गावरून दिसतात आणि त्यासाठी येणाऱ्या कोळशाच्या मालगाड्या आपण रोज पाहतो. मालाच्या किमतीइतकेच त्याचे भाडेही महत्त्वाचे असते, हे व्यापाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. देशातील कोळसा मध्य आणि पूर्व भागात, तर मोठे कारखाने पश्चिम किनाऱ्यावर. खाणीपासून दूर गेलो की कोळशाची वीज भाड्यानेच महाग होते. याउलट एक टन नैसर्गिक युरेनियमपासून जेवढी वीज मिळते, तेवढ्यासाठी वीस हजार टनांच्या आसपास कोळसा जाळावा लागतो; तेथे भाड्याचा प्रश्नच जवळजवळ संपतो. पहिले अणुवीज केंद्र तारापूरच्या किनाऱ्यावर झाले त्यामागे हा हिशेब होता. ते १९६९ साली सुरू झाले. भाभा ते पाहावयास नव्हते.

देशात युरेनियम मर्यादित आणि थोरियम मुबलक आहे, हे ओळखून त्यांनी तीन टप्प्यांची योजनाही आखली होती. पहिल्या टप्प्यातील भट्ट्यांतून मिळणारे प्लुटोनियम हे दुसऱ्या टप्प्याचे इंधन. आणि दुसऱ्या टप्प्याच्या आधारे तिसऱ्या टप्प्यात थोरियमचा उपयोग. एका धंद्याच्या नफ्यातून दुसऱ्या धंद्याचे भांडवल उभे करणाऱ्या घरांना ही योजना ओळखीची वाटेल.

खतावणीची एकच बाजू वाचून दाखविणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. भाभांच्या खात्यावर नावे टाकावयाच्या रकमाही आहेत. १९५५ साली जिनिव्हा येथे शांततेसाठी अणुशक्ती या विषयावर संयुक्त राष्ट्रांची परिषद झाली. तिचे अध्यक्ष या नात्याने, सूर्यात घडते तशी अणुसंमीलनाची ऊर्जा वीस वर्षांत माणसाच्या हाती येईल, असे भाकीत त्यांनी केले. सत्तर वर्षे होत आली. ते अजून खरे ठरलेले नाही. देशाच्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा आजही तीन टक्क्यांच्या आसपासच आहे. सर्व अधिकार एका माणसाच्या हाती एकवटल्याबद्दल आणि कामाच्या गुप्ततेबद्दल डॉ. मेघनाद साहा यांनी संसदेत प्रश्न उपस्थित केले होते. कोसंबी सौरऊर्जेचा पुरस्कार करीत आणि अणुऊर्जेच्या धोरणावर उघड टीका करीत. त्यांचा संस्थेशी असलेला करार १९६२ साली पुढे चालू ठेवण्यात आला नाही. माणूस पारखणाऱ्या संस्थेलाही विरोधी मताचा माणूस सांभाळणे जमले नाही. अनेकांताचा वारसा सांगणाऱ्या आपण ही नोंद वगळता कामा नये.

सर्वांत जड रक्कम शस्त्राची. ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने अणुस्फोट केला, आणि त्यानंतर सुमारे आठवडाभराने भाभांनी आकाशवाणीवरून भाषण केले. त्यात निःशस्त्रीकरणाचे आवाहन होते. पण अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दरांच्या आधारे बॉम्बचा हिशेबही होता. पन्नास बॉम्ब दहा कोटी रुपयांच्या आत होतील, असे त्यांनी सांगितले. खर्चाचे ते आकडे पुढे वादग्रस्त ठरले. अहिंसा हा ज्यांचा परम धर्म, त्यांना हा हिशेब वाचताना थांबावेसे वाटेल. अणूचे ज्ञान आणि अणूचे शस्त्र यांच्यामध्ये जी रेषा आहे, ती विज्ञान आपोआप आखून देत नाही. ती माणसाला आखावी लागते.

या संदर्भात आपल्याच समाजातील एका शास्त्रज्ञाचे स्मरण करणे योग्य होईल. उदयपूरच्या जैन कुटुंबात १९०६ साली जन्मलेले डॉ. दौलतसिंह कोठारी हे साहांचे शिष्य. पुढे ते संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार झाले. १९५६ साली त्यांनी अणुस्फोटांच्या परिणामांवर ग्रंथ सिद्ध केला. अण्वस्त्रांनी माणसाचे, पिकांचे आणि पुढील पिढ्यांचे काय होईल याचा शास्त्रीय हिशेब त्यात मांडलेला आहे आणि त्याला नेहरूंची प्रस्तावना आहे. बॉम्बला किती खर्च येईल हा एक हिशेब. त्याने काय काय नष्ट होईल हा दुसरा. दोन्ही करणारी माणसे देशाजवळ असावी लागतात.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाच्या बैठकीस जात असताना एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ विमान आल्प्सच्या मॉं ब्लां शिखरावर कोसळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्यू पावले. त्यांत ५६ वर्षांचे भाभा होते. एका माणसाच्या जोरावर चाललेली पेढी त्याच्यामागे बहुधा बसते. येथे तसे झाले नाही. आयोगाची सूत्रे विक्रम साराभाईंनी घेतली, संस्था मेनन यांनी सांभाळली, तुर्भ्याचे काम पुढे होमी सेठना आणि रामण्णा यांनी चालविले. १९६७ साली तुर्भ्याच्या केंद्राला भाभांचे नाव देण्यात आले. गुंतवणूक माणसांवर झालेली असल्यामुळे मालक गेल्यावरही भांडवल शिल्लक राहिले, असे मी म्हणेन.

आता आपल्याविषयी. आहारदान, औषधदान, शास्त्रदान म्हणजेच ज्ञानदान, आणि अभयदान अशी चार दाने आपल्याकडे सांगितली आहेत. पहिल्या दोहोंत आपला समाज कोठेही मागे नाही. अन्नछत्रे, धर्मशाळा, दवाखाने आपण गावोगाव चालवितो. ज्ञानदान म्हटले की मात्र आपल्या डोळ्यांपुढे ग्रंथप्रकाशन, वह्यावाटप आणि गुणवंतांचा सत्कार एवढेच येते. हे सर्व आवश्यक आहे. पण त्याने विद्वान घडत नाही.

श्रुतपंचमीची कथा आठवावी. गिरनारच्या चंद्रगुफेत वृद्ध धरसेनाचार्यांना आपल्याजवळचे श्रुतज्ञान आपल्यामागे लुप्त होईल अशी चिंता लागली. त्यांनी मुनिसंघाला पत्र पाठवून समर्थ शिष्य मागितले. दोन मुनी आले. आचार्यांनी आधी परीक्षा घेतली : एकाला एक अक्षर कमी असलेला, दुसऱ्याला एक अक्षर अधिक असलेला मंत्र साधनेसाठी दिला. दोघांनीही आपापली अशुद्धी ओळखून मंत्र शुद्ध केला. मगच विद्या दिली, आणि पुष्पदंत व भूतबली या दोन नावांनी षट्खंडागम आपल्यापर्यंत पोहोचला. आधी समर्थ माणूस शोधणे, मग पारखणे आणि मग हातचे काही न राखता देणे, ही आपली परंपराच आहे. कार्तिकात ज्ञानपंचमी साजरी करणाऱ्या आपल्या श्वेतांबर बांधवांनाही ती परकी वाटणार नाही.

आधुनिक काळातील उदाहरणही घरचेच आहे. विक्रम साराभाई हे अहमदाबादच्या जैन गिरणीमालक घराण्यातले. बंगळूरला रामन यांच्याकडे विश्वकिरणांवर काम करीत असतानाच त्यांची भाभांशी ओळख झाली. ११ नोव्हेंबर १९४७ रोजी त्यांनी भौतिक संशोधन प्रयोगशाळा सुरू केली ती एका महाविद्यालयाच्या काही खोल्यांत, साराभाई कुटुंबाच्या न्यासाच्या आणि अहमदाबादच्या शिक्षण मंडळाच्या पैशावर. भारताच्या अवकाश संशोधनाचे मूळ त्या खोल्यांत आहे.

मौद्यात कोणी राष्ट्रीय संस्था काढावी, असे मी सुचवीत नाही. आपल्या आवाक्यातले तेवढेच सांगतो. पर्युषणात वा दशलक्षणात बोलल्या जाणाऱ्या रकमांचा एक भाग एका विद्यार्थ्यासाठी, किंवा विद्यार्थिनीसाठी, सलग पाच वर्षे राखून ठेवावा. दहा जणांना एकेकदा पाच हजार देण्यापेक्षा एकाला शेवटपर्यंत नेणे अवघड असते, पण परिणाम त्याचाच उरतो. निवड गुणपत्रिकेवरून आपण करू नये. विषय जाणणाऱ्या शिक्षकाकडून करवून घ्यावी. तारापासून ताऱ्यांपर्यंत काहीही शिकण्याची इच्छा असो, ‘मला काय शिकावयाचे आहे आणि का’ हे मुलाकडून एका पानावर लिहून घ्यावे. १९४४ च्या पत्रासारखे नसले तरी चालेल, पण स्वतःचे असावे. वर्षातून एकदा प्रगती पाहावी. तो समाजाचा आहे की नाही, दुकानावर परत येईल की नाही, या अटी घालू नयेत. मोठ्या शहरात धाडण्याची सोय नसेल तर नागपूरची विज्ञान संस्था १९०६ पासून आपल्या शेजारीच आहे. मुंबईत मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र विज्ञान ऑलिंपियाडच्या मार्गाने शालेय मुलांतून अशीच गुणी मुले निवडते. आपल्या शाळांतून किती मुले त्या परीक्षांना बसतात, हे एकदा विचारून पाहावे.

आणि घरात विज्ञानाचा विषय निघाला तर बॅरिस्टर भाभांची अट आठवावी. ‘नाही’ म्हणणे सोपे असते. ‘तुला हवे ते कर’ म्हणणे त्याहूनही सोपे. ‘हे आधी नीट पूर्ण कर, मग तुझ्या वाटेचा खर्च माझा’ असे म्हणावयास मुलाकडे नीट पाहावे लागते आणि पुढे दिलेला शब्द पाळावा लागतो. या वर्षी आपल्या गावातील एका तरी घरात हा व्यवहार व्हावा, एवढीच इच्छा.

जय जिनेंद्र.